गाडीची हौस आणि विम्याचा कागद



यंदा कोजागिरीला दूध आटत होतं, लहान मुलांच्या भेंड्या चालल्या होत्या आणि आम्ही तरुण मंडळी गच्चीच्या कोपऱ्यात उभी होतो. आपल्या मंडळातली दोन मुलं मोबाईलवर फोटो दाखवायला लागली. एक पिपरियाच्या कंपनीत नुकता लागलेला, दुसरा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. फोटोत रुंद अलॉय, खाली बसवलेली गाडी, डिकीत मोठा बेस. "दादा, एवढं केलं तर इन्शुरन्सला काही होतं का हो?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला, "त्याला विचारा, त्याने त्यात पदवी घेतली आहे. फी तेवढी आम्ही भरली."

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं. सिल्वासात, दादऱ्यात, नरोलीत आपल्या घरांतून आता तिशीच्या आतली बरीच मुलं गाडी चालवतात. पहिला पगार, पहिली गाडी आणि पहिली हौस असं सगळं एकदमच येतं. मला जे दोन लाख घालवून कळलं, ते तुम्हाला फुकट कळलं तर बरंच.

माझी स्विफ्ट

२०२० च्या शेवटी मी सेकंड-हँड स्विफ्ट घेतली. पाहिल्या दिवसापासून डोक्यात एकच, गाडी वेगळी दिसली पाहिजे. दीड वर्षात केलेला खर्च असा: अलॉय आणि रुंद टायर ४२ हजार, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा १४ हजार, अॅम्प्लिफायर आणि बेस १९ हजार, जास्त वॅटचे हेडलाईट साडेसहा हजार आणि काचांना काळी फिल्म साडेपाच हजार. एकूण ८७ हजार. बाबा एकदाच म्हणाले, "एवढ्यात तुझ्या टू-व्हीलरचं कर्ज फिटलं असतं." मी हसून विषय बदलला.

विमा दर वर्षी वेळेवर भरत होतो. फोनवर पाच मिनिटांत रिन्यू व्हायचा. "गाडीत काही बदल केले आहेत का?" या प्रश्नापुढे मी न वाचताच 'नाही'वर बोट ठेवलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. तो प्रश्न आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही. ट्रकची बॉडी बदलतात ते बदल, आपली तर सजावट, असा माझा समज.

२ ऑगस्ट २०२२. मुक्तिदिनाची सुट्टी होती. आम्ही चौघे मित्र दुधनीला गेलो, मधुबन धरणाचं भरलेलं पाणी पाहिलं, गरम मक्याची कणसं खाल्ली आणि संध्याकाळी परत निघालो. खानवेल मागे पडलं, पाऊस धो धो. दपाडा ओलांडल्यावर डॅशबोर्डमधून जळका वास आला, मग धूर. गाडी कडेला घेऊन आम्ही उतरलो आणि बॉनेटच्या फटीतून ज्वाळा दिसली. शेजारच्या पाड्यावरची माणसं धावत आली, ओली माती टाकून त्यांनी आग विझवली. कुणाला इजा झाली नाही, हे देवाचे आणि त्या माणसांचे उपकार. पण इंजिनाच्या भागातली सगळी वायरिंग, डॅशबोर्ड, एसीचे पाईप आणि पुढचा बराच भाग जळाला होता.

"ही वायर कोणी टाकली?"

गॅरेजचा अंदाज निघाला २ लाख १६ हजारांचा. मी निर्धास्त होतो. पूर्ण विमा होता, आणि पॅकेज पॉलिसीत आग तर सोडाच, गाडीने आपोआप पेट घेणंसुद्धा नुकसानीत धरलेलं असतं.

चौथ्या दिवशी सर्व्हेअर आले. शांत माणूस. त्यांनी टॉर्च मारून बॅटरीपासून आत जाणारी एक जाड वायर दाखवली. "ही वायर कोणी टाकली?" अॅम्प्लिफायरची वायर होती ती. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत नेली होती आणि त्या भोकाला रबरी बूश बसवलेलं नव्हतं. वर्षभर पत्र्याच्या धारेवर घासून वायरचं आवरण गेलं होतं. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि गाणी बंद पडली असती, एवढंच. तो नव्हता म्हणून वायर तापत गेली आणि पेटली. हेडलाईटची वायरिंगसुद्धा मूळ वायर कापून जोडलेली निघाली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नुकसानीचं कारण गाडीत केलेले विद्युत बदल, ते कंपनीला कळवलेले नाहीत, सबब क्लेम नामंजूर.

त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं, माझी मसाटची शिफ्ट ड्युटी. शेवटी माझ्या धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. बाबा म्हणाले, "तू गाडीला काय लावलंस याचं मला काही नाही. लावलेलं सांगितलं का नाहीस?"

काकांच्या चार ओळी

आपल्या मंडळात एक निवृत्त काका आहेत, आयुष्यभर विम्याच्या सर्व्हेचं काम केलेले. त्यांच्याकडे पत्र घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला आणि वहीत चार प्रश्न लिहिले:

१. बदलामुळे गाडीची मूळ रचना बदलते का?
२. बदल आरसी बुकवर आहे का?
३. बदल पॉलिसीवर आहे का?
४. झालेलं नुकसान त्याच बदलामुळे झालं का?

"क्लेम या चार प्रश्नांवर तुटतो किंवा टिकतो," ते म्हणाले. पुढे जे सांगतो ते त्यांच्याकडून समजून घेतलेलं आणि मग स्वतः कायदा उघडून ताडून पाहिलेलं.

पहिला प्रश्न कायद्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

दुसरा प्रश्न आरटीओचा. काही बदल चालतात, पण ते आरसीवर चढवावे लागतात. सीएनजी किट हे आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण. मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्रातून बसवलेलं आणि आरसीवर इंधन बदलून घेतलेलं असायला हवं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणीही करावी लागते. गाडीचा रंग बदलला तर तोही आरसीवर बदलावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या.

तिसरा प्रश्न विम्याचा. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, ही कंपनीतून निघालेल्या गाडीच्या किमतीवर ठरते आणि वयानुसार घटते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट. आपण नंतर बसवलेली वस्तू त्यात आपोआप धरली जात नाही. माझे ४२ हजारांचे अलॉय जळाले नाहीत, पण चोरीला गेले असते तरी कंपनीच्या हिशेबात ते नव्हतेच.

वस्तू पॉलिसीत घालायला किती लागतं? पूर्वीच्या मोटार टॅरिफमध्ये बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंसाठी आणि सीएनजी किटसाठी किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम होता. आता कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे, पण अंदाजासाठी तोच आकडा धरू. माझा अॅम्प्लिफायर १९ हजारांचा. त्याचे ४ टक्के ७६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८९७ रुपये. एवढ्यासाठी मी 'नाही'वर बोट ठेवलं होतं.

पण काका म्हणाले ते जास्त महत्त्वाचं. "हे ८९७ रुपये नुसत्या विम्याचे नव्हेत. तू सांगितलं असतंस तर कंपनीने बिल मागितलं असतं, कदाचित गाडी बघायला माणूस पाठवला असता. बिल द्यायचं म्हटल्यावर तू वायरमनकडे न जाता नीट दुकानात गेला असतास. फ्यूज तिथेच बसला असता." खरंच, आग लागायचीच टळली असती.

चौथा प्रश्न आपल्या बाजूचा. बदल कळवला नाही म्हणजे प्रत्येक क्लेम गेलाच असं नाही. खाजगी म्हणून विमा असलेली एक गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली. कंपनीने क्लेम नाकारला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नितीन खंडेलवाल प्रकरणात म्हटलं की अटीचा भंग आणि चोरी यांचा संबंध नाही, त्यामुळे पूर्ण नकार बरोबर नाही. ७५ टक्के रक्कम देण्याचा निर्णय कायम झाला. म्हणजे तुमच्या गाडीला काळी फिल्म आहे आणि मागून ट्रकने ठोकलं, तर फिल्ममुळे अपघात झाला असं म्हणता येत नाही. माझ्या बाबतीत मात्र जी वायर कळवली नाही तिनेच आग लावली होती.

तरी काकांनी मला कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करायला लावला. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या दादरा नगर हवेलीसाठी लोकपालांचं कार्यालय अहमदाबादला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. माझ्यावर ती वेळ आली नाही. कंपनीने फेरविचार केला. सर्व्हेअरने मान्य धरलेली रक्कम १ लाख ६२ हजार होती, तिच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ९७ हजार २०० वर तडजोड झाली.

हिशेब मांडला. दुरुस्तीत खिशातून गेले १ लाख १८ हजार ८००. हौसेचे ८७ हजार गेलेच होते. एकूण २ लाख ५ हजार ८००. शिवाय नो क्लेम बोनस शून्यावर आला. तो पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० असा चढतो. एका क्लेमने शिडीच्या तळाशी.

त्याच घरातला दुसरा बदल

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी 'मॉडिफिकेशन वाईट' असं म्हणत नाही.

बाबांच्या उजव्या पायाला लहानपणीच्या पोलिओने अधूपण आहे. कंपनीत पंचवीस वर्षं ते जोडचाकांच्या स्कूटरवर गेले, पावसात रेनकोट घालून. गाडी चालवायची त्यांची फार इच्छा. निवृत्तीनंतर आम्ही एक छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि तिला हाताने चालणारा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर बसवून घेतला. हाही मॉडिफिकेशनच.

पण या वेळी उलट्या क्रमाने गेलो. आधी विमा कंपनीला विचारलं, मग मान्यताप्राप्त किट घेतलं, आरटीओत गाडी दाखवली, आरसीवर नोंद केली, बाबांचं लायसन्स त्या प्रकारच्या गाडीसाठी काढलं आणि नोंद झालेली आरसी विमा कंपनीकडे पाठवली. चार-पाच खेपा झाल्या. फायदा असा की अपंगांसाठी बदललेल्या आणि तशी आरसीवर नोंद असलेल्या गाडीला ओन डॅमेज प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत देण्याची तरतूद टॅरिफमध्ये होती, ती आम्हाला मिळाली. बदल केला आणि विमा स्वस्त झाला!

आता बाबा सकाळी आईला घेऊन बाजारात जातात. रविवारी खानवेलपर्यंत चक्कर मारतात. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदा कुणाला "सोडतोस का?" असं विचारावं लागत नाही.

एकाच घरात दोन गाड्या, दोन बदल. फरक कशात होता याचा मी खूप विचार केला. एक बदल आम्ही प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितला. दुसरा मी एका बोटाने लपवला.

मग करावं काय?

मुलांनो, तुमच्यासाठी तीन गट करून देतो.

पहिला गट, आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना सांगायचे बदल: सीएनजी किट, रंग, इंजिन बदलणं, अपंगांसाठीची रचना. नियमाने केले तर हे उपयोगाचे आहेत. सीएनजीचा खर्च सिल्वासा-वापी रोज ये-जा करणाऱ्याला भरून निघतो, महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याला नाही.

दुसरा गट, विमा कंपनीला सांगून, बिल ठेवून करायचे: म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, सीट, कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात देते त्या मापाचे अलॉय. मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्र बसवलं तर टॅरिफप्रमाणे अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलतही असते. यात हौस भागते. फक्त गाडी विकताना हे पैसे परत येतील अशी आशा धरू नका. माझ्या अलॉयना विकताना ११ हजार आले.

तिसरा गट, नकोच: कर्कश सायलेन्सर, कापलेल्या किंवा बदललेल्या स्प्रिंगा, बॉडीबाहेर येणारे टायर, वायर कापून बसवलेले जास्त वॅटचे दिवे. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजीच बंद केली. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. गार्डमुळे धडकेचा जोर थेट चासीवर जातो, एअरबॅगच्या सेन्सरवर परिणाम होऊ शकतो आणि पायी चालणाऱ्याला जबर लागतं. हौसेपायी दुसऱ्याचा जीव नको.

जर्मनीत असलेला माझा मावसभाऊ सांगतो, तिकडे स्प्रिंग किंवा अलॉय बदलला की भागाचं प्रमाणपत्र लागतं, आणि बहुतेक वेळा तपासणी करून गाडीच्या कागदावर नोंद घ्यावी लागते. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच धोक्यात. तिकडची मुलंही गाड्या सजवतात, पण कागदासकट.

सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांनो, आधीच्या मालकाची हौस तुमच्या गळ्यात पडते हे विसरू नका. आरसीवर लिहिलेलं आणि समोर उभं असलेलं ताडून पाहा. सीएनजी असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे आहे ना बघा. विमा आपल्या नावावर १४ दिवसांच्या आत करून घ्या.

आणि ज्यांनी आधीच बदल केले आहेत ते घाबरू नका. मध्येच कळवलं तरी चालतं, कंपनी पॉलिसीला जोडपत्र देते, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. ईमेलने कळवा, म्हणजे पुरावा राहतो. पुढच्या रिन्यूअलला तो प्रश्न आला की बोट टेकवण्याआधी वाचा.

मी आता एकच नियम पाळतो. जो बदल विमा कंपनीच्या माणसाला सांगायची मला भीती वाटेल, तो मी करत नाही. अजून गाडीत गाणी आहेत, चांगली आहेत, आणि बॅटरीशेजारी फ्यूज आहे.

बहीण नर्सिंग पूर्ण करून यंदा नोकरीला लागली. परवा म्हणाली, "दादा, मी गाडी घेतेय. काय काय बसवू?" मी म्हटलं, "आधी पॉलिसी आण, मग बसू."

कोजागिरीच्या त्या दोघांनाही हेच निमंत्रण. पॉलिसी आणि आरसी घेऊन या, चहा आमच्याकडे. काकांनाही बोलावतो.